चौदा शब्द जास्त

ब्लॉगचं खूळ माझं नव्हतं, हे आधीच सांगते. नंतर ते माझं झालं, आणि इतकं झालं की पोरं मला पाठीमागून 'ब्लॉगबाई' म्हणायला लागली, तेही सांगते. अर्धवट सांगायची मला सवय नाही. एकदाच अर्धवट ठेवलं, त्याचीच ही गोष्ट आहे.

सत्तावीस वर्षं मी शाळेत भाषा शिकवते. सत्तावीस वर्षं 'आमची सहल' तपासली. दर वर्षी छत्तीस सहली, आणि प्रत्येक सहलीत आनंदाला पारावार उरत नाही. मी लाल पेनानं विचारायची, अरे, पारावार म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का? पालथ्या घड्यावर पाणी. पुढच्या वर्षी नवी पोरं, तोच पारावार.

अशात आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते, दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आल्या. नववीच्या वर्गाचा ब्लॉग, त्यात प्रत्येक मुलाचं स्वतःचं पान, दर शुक्रवारी एक नोंद, आणि जबाबदारी माझी. मी म्हटलं, "बाई, यांना वहीत चार ओळी धड लिहिता येत नाहीत." त्या म्हणाल्या, "वहीत तुमच्याशिवाय वाचतं कोण? वाचणारा असला की लिहितील." मला राग आला, कारण मुद्दा बरोबर होता.

संगणकाच्या सरांनी सगळी मांडामांड केली. हा मुलगा माझ्या भाच्याच्या वयाचा, खिशात कायम स्क्रू-ड्रायव्हर. अठरा संगणकांपैकी तेरा चालायचे, म्हणून पोरं आळीपाळीनं बसायची. सरांनी मला काय काय विचारलं ते मला निम्मं कळलं नाही, पण न कळलेलं कबूल करायचा माझा स्वभाव नाही. जुने मसुदे साठवून ठेवायचे का, असं काहीतरी त्यांनी विचारलेलं आठवतं. मी म्हटलं, "पक्कं झालं की कच्चं कशाला ठेवायचं?" ते म्हणाले, "बरं, जागाही वाचेल."

नियम मात्र मी माझे केले. त्या आठवड्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच लिहायचं, सूर्यास्त आणि फुलपाखरं बंद. शब्द दीडशे, एकही जास्त नाही, कारण आपल्याकडे सगळ्यांना पाल्हाळाची खोड आहे, त्यात मीही आले. दुसऱ्याच्या नोंदीखाली दोन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि एक प्रश्न विचारायचा. प्रश्न आला की दोन दिवसांत उत्तर द्यायचं, मग विचारणारा कोणी का असेना. नाही दिलं तर दोन गुण कापणार. आणि प्रत्येकानं आपल्या वर्गाच्या ब्लॉगची लिंक शाळेबाहेरच्या पाच मोठ्या माणसांना पाठवायची. खरा वाचक पाहिजे ना, मग घ्या खरा वाचक. वर्षाच्या सुरुवातीला मी स्वतः एक नमुन्याची नोंद लिहिली, माझ्या लाल पेनावर. तिच्याखाली छत्तीस जणांनी लिहिलं, 'बाई, तुमचं अक्षर छान आहे.' ती नोंद टाइप केलेली होती.

पहिला महिना नुसता कचरा. मग एका मुलानं आजोबांच्या कानातल्या यंत्राबद्दल लिहिलं, आजी बोलायला लागली की आजोबा ते हळूच बंद करतात. वर्ग हसला, प्रश्नांची रांग लागली, आणि त्या दिवसापासून पोरांना चव लागली. मलाही लागली. शुक्रवारी दुपारी घरी जायच्या वेळेला मी संगणकाच्या खोलीत जाऊन बसायला लागले. घरी माझी थोरली बहीण असते, ती म्हणाली, "या वयात तुला काय नाद लागला गं?" मी म्हटलं, वाचायचा. खोटं नव्हतं ते.

आणि मग मुंगी.

हजेरीपटावर तिचं नाव वेगळं आहे, पण सगळे तिला मुंगीच म्हणायचे. अक्षर मुंगीएवढं आणि चालणं भिंतीच्या कडेकडेनं. दोन वर्षांत मी तिच्या तोंडून 'हजर' सोडून दुसरा शब्द ऐकला नव्हता. उभं करून विचारलं की बाकाकडे बघत राहायची, इतकी की शेवटी मलाच अपराधी वाटायचं आणि मी म्हणायची, बस. आई शिवणकाम करते, बाप कुठल्याशा गोदामात कामाला, घरात एक तान्हा भाऊ, एवढी माहिती शाळेच्या अर्जावर होती. बाकी तोंडाला कुलूप.

ब्लॉगवर मात्र ही पोर बोलायला लागली. आई तुटलेली चेन कशी बदलते, आधी दात मोजते, मग दोरा ओला करते, असं सगळं नेमकं. विशेषण म्हणून नाही. कोणी प्रश्न विचारला तर त्याच दिवशी उत्तर, आणि वर 'प्रश्नाबद्दल आभार', कारण तसं मी शिकवलं होतं. एक दिवस जिन्यात ती माझ्यासमोर थांबली आणि म्हणाली, "बाई, या शुक्रवारी मी बाबांवर लिहू का?" दोन वर्षांतलं पहिलं वाक्य. मी म्हटलं, "लिही की," अगदी सहज, जसं काही रोजच बोलतो. घरी गेल्यावर बहिणीला ते मी दोनदा सांगितलं. माझ्या नोकरीत असं तीन-चार वेळाच झालं असेल. ही पोर आता बोलती राहिली पाहिजे, मला तेव्हा दुसरं काही नको होतं.

नोंदीचं नाव होतं 'रविवारी बाबा बाळाला घेत नाहीत'.

सगळी इथे देत नाही, पण मला ती पाठ आहे. बाळ हात पसरतं आणि बाबा हात पाठीमागे बांधून उभे राहतात, कारण रविवारी त्यांच्या हातांना थिनरचा वास येतो. रविवारी गोदाम बंद असतं तरी बाबा जातात, मी त्यांचं जेवण घेऊन जाते. दुधाच्या पावडरीचे डबे उपडे करून रांगेत ठेवलेले असतात. बाबा चिंधीवर थिनरचे दोन थेंब घेतात. जास्त घेतलं तर डब्याचा रंग जातो, कमी घेतलं तर तारीख राहते. एका हातात तारीख जाते. मग ते फुंकर घालतात आणि नवीन तारखेचा शिक्का मारतात. बाबांचा शिक्का कधी तिरका पडत नाही. आणि शेवट असा, 'आमच्या बाळाला बाबा ती पावडर आणत नाहीत.'

मी तीनदा वाचली. अंगावर काटा आला. पण तो कसला काटा होता ते ऐका. पोरीनं काय लिहिलंय म्हणून नाही, कसं लिहिलंय म्हणून. दोन थेंब, फुंकर, तिरका न पडणारा शिक्का, आणि शेवटी ते बाळ. माझं सगळं लक्ष तिथेच. तारीख पुसतात म्हणजे काय करतात, कशाला करतात, हा साधा प्रश्न जन्मभर प्रश्न विचारून पोट भरणाऱ्या बाईला पडला नाही. मंडईत मी टोमॅटो दाबून दाबून घेते.

एकच अडचण होती. खाली आकडा दिसत होता, एकशे चौसष्ट. चौदा शब्द जास्त.

मी मुंगीला माझ्या खुर्चीशेजारी बोलावलं. कुठलं वाक्य जाईल ते मला पहिल्या वाचनातच कळलं होतं. मधोमध एक वाक्य होतं, 'शनिवारी संध्याकाळी मालक स्वतः चिठ्ठी देतात, त्यावर कुठल्या डब्यांची तारीख पुसायची ते लिहिलेलं असतं.' बरोबर चौदा.

"हे काढू या," मी म्हटलं. "नोंद बाबांची आहे. मध्येच मालक आला की रसभंग होतो."

ती उभी राहिली, बाकाकडे बघायची तशी माझ्या टेबलाकडे बघत. मग म्हणाली, "पण बाई, चिठ्ठी असते."

"असेना. वाचकाला बाबांचे हात दिसले पाहिजेत, मालकाची चिठ्ठी नाही."

"चिठ्ठी दिल्याशिवाय बाबा करत नाहीत."

"ते तुला माहीत आहे ना, मग झालं. वाचकाला सगळंच सांगायचं नसतं गं. थोडं त्याच्यावर सोडायचं असतं."

ती गप्प झाली. मला वाटलं, पटलं. गप्प झालेलं मूल म्हणजे पटलेलं मूल असं समजण्यात आम्हा शिक्षकांचा हात कोणी धरणार नाही. माउस मीच हातात घेतला, ते वाक्य निवडलं आणि पुसलं. आकडा दीडशेवर आला. काय समाधान वाटलं मला, बरणीचं झाकण नीट बसल्यासारखं.

ती नोंद मी पहिल्या पानावर लावली, 'आठवड्याची नोंद' म्हणून. खाली माझा शेरा, 'मी ही तीनदा वाचली' असं आधी लिहून. दोन चांगल्या गोष्टी: तपशील नेमका आहे, शेवट फार सुंदर. एक प्रश्न: बाबा हे काम कुणाकडून शिकले? त्याच संध्याकाळी शेजारणीच्या फोनवरून तिचं उत्तर आलं, 'बाबांना कोणी शिकवलं नाही. चुकत चुकत ते स्वतःच शिकले. प्रश्नाबद्दल आभार.' मी त्या उत्तराला एक गुण जास्त दिला. बाबांना नोंद वाचून दाखवली, तुमचा शेराही वाचून दाखवला, असं तिनं मला जिन्यात येऊन सांगितलं. आपणहून बोललेलं दुसरं वाक्य. मी मनात मोजत होते.

पाच मोठ्या माणसांचा नियम होताच. आमच्या वर्गातल्या एका मुलाचा मामा अन्न तपासणीच्या खात्यात कामाला आहे, हे मला कसं माहीत असणार? त्या मामानं नोंदीखाली लिहिलं, 'छान लिहिले आहे. हे गोदाम कुठे आहे?' पोरीनं दोन दिवसही लावले नाहीत. 'नाल्यापलीकडे, निळ्या फाटकाचं. प्रश्नाबद्दल आभार.' ते मी वाचलं होतं. वाचून मला वाटलं, बाहेरच्या माणसालाही उत्तर द्यायला लागली, किती सुधारली.

नवव्या दिवशी निळ्या फाटकाशी त्या खात्याची गाडी लागली.

मला कळलं ते संगणकाच्या सरांकडून, मधल्या सुट्टीत. ते म्हणाले, "बाई, मुंगीच्या वडिलांना पोलिसांनी नेलं." मी म्हटलं, "का?" आणि का हा शब्द तोंडातून बाहेर पडेपर्यंत मला सगळं कळलं. मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसले आणि सरांनी पुढे ठेवलेलं पाणी तसंच ठेवलं.

डबे सापडले, थिनर सापडलं, शिक्का सापडला. मालक मात्र शहाणा निघाला. त्यानं हात जोडले आणि सांगितलं, साहेब, मलाच धक्का बसलाय. जुना माल आधी बाहेर काढायचं काम या माणसाचं. यानं हयगय केली, डबे जुने झाले, आणि माझ्यापासून लपवायला सुट्टीच्या दिवशी येऊन तारखा बदलत बसला. पटत नसेल तर त्याच्या मुलीनंच लिहिलंय ते वाचा. आणि कुणीतरी पाठवलेल्या लिंकवरून काढून घेतलेली चार छापील पानं त्यानं पुढे केली. सुट्टीच्या दिवशी जातो, हे तिथे होतं. स्वतःच शिकला, तेही होतं. आपल्या बाळाला देत नाही, म्हणजे विष आहे हे पक्कं माहीत होतं, तेही होतं. आणि नोंदीखाली एका शिक्षिकेनं लिहिलं होतं, शेवट फार सुंदर.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण त्या बापाला मी संन्यासी म्हणणार नाही. कुणाच्या तरी बाळांच्या पोटात ती पावडर जात होती आणि त्याला ते ठाऊक होतं. पण सांगितलेलं करणारा तो होता, आणि सांगणारा माझ्या हातून पुसला गेला होता.

मी सरांना म्हटलं, "जुना मसुदा काढा. ते वाक्य कुठेतरी असेलच ना. संगणकातलं काही जात नाही म्हणतात."

सर बराच वेळ खटपट करत होते. मला वाटतं, त्यांना उत्तर आधीच माहीत होतं आणि ते नुसतं मला बरं वाटावं म्हणून बटणं दाबत होते. शेवटी म्हणाले, "बाई, जुनं साठवायची सोय आपण सुरुवातीलाच बंद केली. मी तुम्हाला विचारलं होतं."

"कच्चं कशाला ठेवायचं," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि तपासाच्या कचेरीत गेले. मोठ्या बाईंनी आधीच बजावलं होतं, शाळेच्या कागदावर एक ओळही द्यायची नाही. म्हणून साध्या कागदावर लिहून नेलं. बैल गेला आणि झोपा केला, हे मला कळत होतं, पण झोपा तरी करावा की नाही? तिथला अधिकारी भला माणूस होता. त्यानं मला खुर्ची दिली, कागद वाचला आणि पेन उघडलं.

"म्हणजे मूळ लिखाणात मालकाचा उल्लेख होता?"

"होता. चिठ्ठीचा."

"तो तुम्ही काढलात."

"हो."

"का काढलात?"

"चौदा शब्द जास्त होत होते."

त्याचं पेन थांबलं. मी चेष्टा करते आहे की काय, हे तो माझ्या तोंडाकडे बघून ठरवत होता. मग म्हणाला, "आणि बाळाला पावडर देत नाहीत, हे वाक्य ठेवलंत?"

"हो."

"ते का?"

जे होतं तेच सांगितलं. "ते सुंदर होतं."

त्यानं ते लिहून घेतलं की नाही, मला दिसलं नाही. चिठ्ठ्यांचं विचारलं तर म्हणाला, एकही सापडली नाही, मालक त्या सोमवारी परत घ्यायचा असं कामगार सांगतो. मी म्हटलं, "अहो, मुलीला विचारा. तिनं पाहिल्यात."

"मुलीला विचारलं, बाई. मुलगी बोलत नाही."

मी तिला दोन वर्षं ओळखत होते. तिला कसं उभं केलं असेल आणि ती कुठे बघत राहिली असेल, ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. तो म्हणाला, "तुम्ही तिच्या शिक्षिका, तिच्या बाजूनंच बोलणार, असं वकील म्हणेल. आणि तुमच्या हातचा शेरा तर वेगळंच बोलतो." माझा कागद त्यानं फायलीत ठेवला, सगळ्यात खाली.

शाळेत परत आले तर मोठ्या बाई वाट बघत होत्या. ब्लॉग बंद, शुक्रवारी शाळा सुटताना सर सगळं पुसून टाकतील. मी म्हटलं, "पुसू नका. तो पुरावा आहे."

"कुणाविरुद्ध?" त्यांनी विचारलं.

आजवर मोठ्या बाईंना मी एकदाही शेवटचा शब्द घेऊ दिला नव्हता. त्या दिवशी दिला.

मुंगीचा बाप पाचव्या दिवशी घरी आला, पण खटला डोक्यावर राहिला आणि नोकरी गेली ती गेलीच. मी त्यांच्या घरी गेले. कसल्या तोंडानं गेले म्हणाल तर ह्याच तोंडानं, दुसरं नाही माझ्याकडे. दोन खोल्या. शिवणाचं यंत्र चादरीत बांधलेलं, दोरी आवळलेली. आईनं बाळ कडेवर घेतलं होतं, तिनं मला बसा म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. बापानंच स्टूल पुढे केलं. उंच, किडकिडीत माणूस, हात मोठे.

मी म्हटलं, "चूक माझी आहे. ते वाक्य मी काढलं."

"सांगितलं तिनं," तो म्हणाला. "बाई, एक विचारू का? तिचं लिखाण खरंच चांगलं होतं, की लहान म्हणून तुम्ही तसं म्हणालात?"

"चांगलं होतं," मी म्हटलं. "माझ्या सगळ्या वर्षांत इतकं चांगलं कोणी लिहिलेलं नाही."

"मलाही वाटलंच," तो म्हणाला. "वाचून दाखवलं तेव्हा मी हसलो होतो. शिक्का तिरका पडत नाही, हे तिनं बघून ठेवलंय." मग आपल्या हातांकडे बघत म्हणाला, "तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, हे लिहू नकोस म्हणून. पण मी म्हटलं, शाळेचं आहे. शाळेत कोण वाचतं?"

आई तेव्हा पहिल्यांदा बोलली. उद्या सकाळी आपल्या भावाच्या गावी निघणार, तिथे शिवणाचं काम मिळेल, पोरगीही हाताशी येईल. "शाळा?" मी विचारलं. तिनं बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं. मला त्या प्रश्नाची इतकी लाज वाटली की मी उठलेच.

मुंगी आतल्या खोलीत होती. मी दाराशी जाऊन हाक मारली, तिच्या खऱ्या नावानं. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. "बाळा, बोल गं काहीतरी. शिव्या दे मला." ती हलली नाही. बाप मागून हळूच म्हणाला, "राहू द्या बाई. आमच्याशीपण बोलत नाही ती."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. शेवटचा तास संपल्यावर मी संगणकाच्या खोलीत गेले, पुसण्याआधी एकदा सगळं बघायला. आजोबांचं कानातलं यंत्र, चेनचे दात, सगळं. मग उगाच माझी ती नमुन्याची नोंद उघडली, लाल पेनाची. खाली छत्तीस शेरे होते ते सदतीस झाले होते. सदतिसावा आदल्या संध्याकाळचा. मी त्यांच्या घरून निघाल्यानंतरचा.

'दोन चांगल्या गोष्टी: तुम्ही माझं लिहिलेलं तीनदा वाचलंत. तुमच्या शेऱ्यामुळे बाबा हसले. एक प्रश्न: मी नको म्हणत होते, ते तुम्हाला कळलं होतं का?'

नियम माझाच. प्रश्न आला की उत्तर द्यायचं, विचारणारा कोणी का असेना. मी उत्तराच्या चौकटीत लिहिलं, 'नाही कळलं.' मग ते खोडलं, कारण ते खरं नव्हतं. ती टेबलाकडे बघत उभी होती आणि मला दिसत होतं, आणि मला दीडशे पाहिजे होते. मी लिहिलं, 'कळलं होतं.' आणि त्याखाली ते वाक्य लिहिलं, जसंच्या तसं, तिचं. शनिवारी संध्याकाळी मालक स्वतः चिठ्ठी देतात, त्यावर कुठल्या डब्यांची तारीख पुसायची ते लिहिलेलं असतं. शब्द मोजले. चौदा भरले. बटण दाबलं.

सर दारात उभे होते. "बाई, साडेपाच झाले. बंद करू ना आता? मोठ्या बाईंचा दोनदा निरोप आला."

"जरा थांबा. कोणी वाचलं का ते कळतं ना यात?"

ते माझ्या खांद्यामागून वाकले. आम्ही दोघं बघत बसलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बाहेर शिपाई वर्गाच्या खिडक्या लावत निघाला होता. पोरगी सकाळीच निघालेली. आणि त्या गावी तिला संगणक किंवा फोन कोण देणार?

"एक आकडा दाखवतंय," सर म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. "एक? म्हणजे वाचलं तिनं?"

सरांनी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला, परत ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो एक म्हणजे तुम्हीच आहात, बाई."

मी उठले आणि खुर्ची त्यांना दिली.